मूत्रपिंडाची राखण करणाऱ्या दोन नळ्या

लखनौ शहराच्या ईशान्येस, कुकरैलच्या वनापासून जवळच, इंदिरा नगर ही मोठी वसाहत आहे. उत्तर प्रदेशाच्या आवास एवं विकास परिषदेने वसविलेल्या या वसाहतीत नोकरीधंद्यानिमित्त निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी नांदतात. मे-जून महिन्यांत येथे लू वाहू लागली की पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. घामावाटे शरीरातील पाणी निघून जाते, लघवी थोडी आणि गडद होऊ लागते, आणि ज्यांच्या मूत्रपिंडांत खडे धरण्याची प्रवृत्ती असते त्यांना याच दिवसांत बरगडीखालून जांघेकडे उतरत जाणारी ती असह्य कळ गाठते. उत्तर व पश्चिम भारताचा पुष्कळसा भाग वैद्यकात मूतखड्यांचा पट्टा म्हणून ओळखला जातो. नागपूर-अकोल्याकडील उन्हाळा सोसणाऱ्या आपल्या वाचकांनाही ही कळ सर्वस्वी अपरिचित नसेल.

कळ आली की घरात धांदल उडते. कोणी तांब्यामागून तांब्या पाणी पाजतो. मराठी घरात कुळथाचे कढण चुलीवर चढते, तर शेजारच्या हिंदी भाषिक घरातून पत्थरचट्ट्याची, म्हणजे आपल्या पानफुटीची, पाने येतात. काही तासांनी वेदना ओसरते आणि सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतात, "खडा गेला!" पुष्कळ वेळा तो खरोखरच गेलेला असतो. परंतु काही वेळा खडा होता तेथेच असतो, वेदना मात्र थांबलेली असते, आणि त्या शांततेत मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असते. असे का घडते, हे कळण्यासाठी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या दोन बारीक नळ्यांचे काम समजून घेतले पाहिजे. या नळ्यांना मूत्रवाहिन्या म्हणतात.

प्राचीनांचा प्रश्न

मूत्राशयात मूत्र येते कोठून आणि कसे, हा प्रश्न फार जुना आहे. काशीच्या परंपरेतील शल्यवैद्य सुश्रुत याने आपल्या संहितेत अश्मरीचे, म्हणजे मूतखड्याचे, सविस्तर वर्णन केले असून मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची रीतही सांगितली आहे. मूत्राशय कसा भरतो हे समजावताना त्याने नव्या मातीच्या घड्याची उपमा दिली आहे. असा घडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला तर सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपून तो आतून भरतो, तसाच मूत्राशय भरतो, असे त्याचे म्हणणे. ही उपमा चुकीची असली तरी त्यामागील निरीक्षण सूक्ष्म आहे: मूत्र एकदम ओतले जात नाही, ते नकळत आणि अखंड जमत असते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोम येथे गॅलेन या ग्रीक वैद्याने प्राण्यांच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधून पाहिल्या. दोऱ्याच्या वरचा भाग फुगला आणि मूत्राशय रिकामाच राहिला. दोरा सोडताच मूत्राशय भरू लागला. मूत्र मूत्रपिंडातून येते, ते या नळ्यांतूनच उतरते आणि मूत्राशयात गेल्यावर परत फिरत नाही, हे त्याने सिद्ध केले.

मात्र नळी म्हणजे केवळ पन्हळ नव्हे, ती स्वतः काम करणारा अवयव आहे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाली. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी १८६९ साली मूत्रवाहिनीच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाप्रमाणेच या नळीच्या स्नायूलाही आकुंचनासाठी मज्जातंतूंच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. आकुंचनाची लहर एका स्नायुपेशीकडून दुसरीकडे आपोआप पसरते, असे त्यांनी दाखवून दिले. याचा रोकडा पुरावा आज मूत्रपिंडरोपणात मिळतो. १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोर येथे जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. तेव्हापासून देशात अशा हजारो शस्त्रक्रिया झाल्या आहेत. रोपलेल्या मूत्रपिंडाचे मज्जातंतू तोडलेले असतात. तरीही त्याच्याबरोबर आलेली मूत्रवाहिनी नव्या शरीरात आपले काम सुरू करते.

थेंबांच्या खेपा

प्रौढ माणसाची मूत्रवाहिनी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असते. तिचे वरचे टोक नरसाळ्यासारखे पसरलेले असून ते मूत्रपिंडाच्या आत शिरलेले असते. त्याला द्रोणी म्हणतात. मूत्रपिंडाच्या ऊतकातून झिरपलेले मूत्र प्रथम लहान लहान पेल्यांसारख्या कप्प्यांत येते आणि तेथून द्रोणीत उतरते. या पेल्यांच्या भिंतींतच लय ठरविणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यापासून निघालेली आकुंचनाची लहर द्रोणीवरून खाली सरकते आणि मूत्रवाहिनीत शिरते.

आतड्यात अन्न ज्या रीतीने पुढे ढकलले जाते त्याच रीतीने येथे मूत्र ढकलले जाते. या हालचालीला क्रमसंकोच असे नाव आहे. नळीचा एक भाग आवळतो, त्याच्या पुढचा भाग सैल होतो, आणि मधले मूत्र पुढे सरकते. मिनिटाला साधारण दोन ते सहा लहरी निघतात आणि सेकंदाला काही सेंटिमीटर या वेगाने खाली जातात. द्रोणीपासून मूत्राशयापर्यंतचा प्रवास दहा-पंधरा सेकंदांत संपतो.

या प्रत्येक खेपेत मूत्र किती असते? दिवसाला दीड लिटर मूत्र होते असे धरले तर मिनिटाला एक घन सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक मूत्रपिंडाचे अर्धा. मिनिटाला दोन खेपा झाल्या तर एका खेपेला अवघे चार-पाच थेंब! अशा हजारो खेपा ही नळी रोज घालते. आपण झोपलेले असलो, बसलेले असलो, किंवा शीर्षासनात उलटे उभे असलो तरी तिच्या कामात खंड पडत नाही. मूत्र उतारावरून वाहत नसून स्नायूंच्या बळावर नेले जाते, याची याहून सोपी खूण दुसरी नाही.

पाणी अधिक प्यायल्यावर ही व्यवस्था बदलते. आधी लहरींची संख्या वाढते, मग प्रत्येक खेपेतील मूत्र वाढते. मूत्राचा ओघ फारच वाढला तर एक खेप दुसरीला जाऊन मिळते, नळी आवळण्याला अवसरच राहत नाही, आणि ती काही काळ उघड्या पाटासारखी वाहते. त्या वेळी प्रवाह चालू राहणे हे वर द्रोणीतील आणि खाली मूत्राशयातील दाबांच्या फरकावर अवलंबून राहते.

दाबाचा हिशेब

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. मूत्रपिंडात रक्त गाळले जाते ते दाबाने. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याभोवतीचे पेल्यासारखे संपुट. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या अंदाजे ६० मिलिमीटरांएवढा असतो आणि तो पाणी बाहेर ढकलतो. रक्तातील प्रथिने पाणी आत ओढून धरतात. त्यांचा विरोध सुमारे ३२ मिलिमीटर. संपुटात आधीच असलेल्या द्रवाचा विरोध सुमारे १८ मिलिमीटर. वजाबाकी केली की गाळण्याच्या कामासाठी उरतात फक्त १० मिलिमीटर. पाण्याच्या भाषेत, जेमतेम १४ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. एवढ्या अल्प भांडवलावर दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व रक्तात परत घेऊन उरलेल्या दीड-दोन लिटरांचे मूत्र करतात.

दुसरीकडे मूत्रवाहिनीची लहर आवळते तेव्हा नळीच्या आत २० ते ८० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब उत्पन्न होतो. नॉर्वेमधील संशोधक फ्रेडरिक कील यांनी माणसाच्या मूत्रवाहिनीतील व द्रोणीतील दाबांची मापे घेऊन १९५७ साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि पुढील संशोधनाचा पाया घातला. नळीतील हा दाब मागे वळून मूत्रपिंडापर्यंत पोहोचला, तर गाळण्याचे ते छोटेसे भांडवल क्षणात संपून जाईल.

तसे होत नाही, याचे कारण लहरीच्या रचनेतच आहे. लहर वरून सुरू होते. नळी आधी वरच्या बाजूस घट्ट मिटते आणि मगच पुढील मूत्रावर दाब पडतो. म्हणजे दार मागून लावून घेऊन मग माणसे पुढे लोटावीत, तसा हा प्रकार आहे. परिणामी नळीत मोठे दाब चढत-उतरत असताना वर द्रोणीत मात्र पाण्याच्या ५ ते १० सेंटिमीटरांच्या आसपासचा सौम्य दाब राहतो. खालच्या टोकालाही असेच दार आहे. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ न शिरता दीड-दोन सेंटिमीटर तिरकी जाते. मूत्राशय भरला किंवा आवळला की त्याच्या भिंतीखाली हा तिरका भाग दाबला जातो आणि मूत्र वर चढू शकत नाही. मूत्र वाहून नेणे आणि मूत्रपिंडाला दाबापासून वाचविणे ही दोन्ही कामे या नळीची. आणि त्यांतले दुसरे अधिक मोलाचे आहे.

वाट अडते तेव्हा

मूत्रवाहिनीत तीन जागा अरुंद असतात: द्रोणीतून नळी निघते तेथे, कटिभागातील मोठ्या रक्तवाहिनीवरून ती ओलांडते तेथे, आणि मूत्राशयात शिरते तेथे. खडा बहुधा यांपैकीच एखाद्या ठिकाणी अडकतो.

खडा अडकला की मागे मूत्र तुंबते. सुरुवातीला नळी अधिक जोराने आणि वरचेवर आवळू लागते. याच सुमारास मूत्रपिंडाकडे येणारे रक्तही काही काळ वाढते, त्यामुळे मूत्र आणखी तयार होते आणि द्रोणीतील दाब कित्येक पटींनी चढतो. ताणल्या गेलेल्या भिंतींतून ती प्रसिद्ध कळ उठते. ती खड्याच्या घासण्यापेक्षा या ताणामुळेच अधिक असते.

पुढे नळी फुगते. फुगलेल्या नळीच्या अंगी एक उणेपणा येतो. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमानुसार नळी जितकी रुंद, तितका स्नायूच्या त्याच जोराने आत उत्पन्न होणारा दाब कमी. शिवाय ताणलेल्या भिंती एकमेकींना टेकत नाहीत; त्यामुळे लहर आली तरी दार मिटत नाही. खाली मूत्र ढकलणे आणि वर दाब अडविणे, ही दोन्ही कामे थांबतात.

काही तासांनंतर मूत्रपिंड स्वतःचा रक्तपुरवठा आवरते घेते. रक्त कमी, म्हणून गाळणे कमी. गाळणे कमी, म्हणून दाब उतरतो. आणि दाब उतरला म्हणून कळ ओसरते. अडथळा मात्र जागच्या जागी असतो. काही आठवड्यांनी द्रोणीतील दाब जवळजवळ पूर्ववत झालेला आढळतो, पण तोपर्यंत मूत्रपिंडाचे ऊतक पातळ होत गेलेले असते. कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत मूत्रवाहिनी एक आठवडा पूर्ण बंद ठेवून मोकळी केली तर मूत्रपिंड सावरले. सहा आठवड्यांनी मोकळी केली तेव्हा ते जवळजवळ सावरलेच नाही. म्हणून कळ थांबल्यानंतरही सोनोग्राफी करून खडा गेल्याची व सूज उतरल्याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

तुंबलेल्या मूत्रात जंतूंचा संसर्ग झाला तर प्रकरण अधिक गंभीर होते. वाढलेल्या दाबामुळे मूत्र, आणि त्याबरोबर जंतू, रक्तात शिरू शकतात. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात बंद झाली, किंवा रोग्याला एकच मूत्रपिंड असले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी खडा काढण्याची घाई केली जात नाही. प्रथम मूत्राला वाट करून देतात.

बालक, माता आणि वृद्ध

खड्याशिवायही या यंत्रणेत दोष उत्पन्न होतात. काही मुलांत मूत्राशयातील तिरका भाग जन्मतः आखूड असतो. लघवीच्या वेळी मूत्र उलट वर चढते. तान्ह्या मुलाला सर्दी-खोकल्यावाचून वारंवार ताप येत असेल तर लघवीची तपासणी अवश्य करावी. काही बालकांत द्रोणी व नळी यांच्या सांध्यातून लहर पुढे जाऊ शकत नाही. हल्ली गर्भावस्थेतील सोनोग्राफीतच अशी फुगलेली द्रोणी दिसते. पुष्कळशा मुलांत सौम्य फुगवटा आपोआप नाहीसा होतो. म्हणून घाबरून न जाता डॉक्टर सांगतील त्या वेळी पुन्हा तपासणी करावी. सांध्याचा दोष खरा ठरल्यास अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ साली वर्णन केलेली शस्त्रक्रिया आजही उपयोगी पडते.

गरोदरपणी वाढता गर्भाशय नळ्यांवर, विशेषतः उजवीवर, दाब देतो. शिवाय त्या काळातील अंतःस्रावांमुळे नळीचे स्नायू सैलावतात. मूत्र रेंगाळते आणि जंतूंना आसरा मिळतो. गर्भवतीच्या लघवीची तपासणी सांगतात ती याचसाठी.

वृद्ध पुरुषांत पुरःस्थ ग्रंथी वाढल्याने मूत्राशय नीट रिकामा होत नाही. मूत्राशयातील दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरांच्या वर सतत राहू लागला तर मूत्रवाहिनीच्या लहरींना त्याविरुद्ध मूत्र ढकलता येत नाही, आणि दोन्ही मूत्रपिंडांना धोका पोहोचतो. आजोबा रात्री चार-पाच वेळा उठतात, लघवी थेंब थेंब होते, ही केवळ वयाची खोड समजून सोडून देऊ नये.

तपासणी आणि उपचार

फुगलेली प्रत्येक नळी अडलेली असतेच असे नाही. हा भेद करण्यासाठी ब्रिटिश शल्यचिकित्सक व्हिटेकर यांनी १९७३ साली एक चाचणी सुचविली. पाठीतून सुई घालून द्रोणीत मिनिटाला १० घन सेंटिमीटर या वेगाने द्रव सोडायचा आणि द्रोणी व मूत्राशय यांतील दाबांचा फरक मोजायचा. तो पाण्याच्या १५ सेंटिमीटरांच्या आत राहिला तर वाट मोकळी. २२च्या वर गेला तर अडथळा. आता बहुतेक ठिकाणी सुईची गरज लागत नाही. किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन आणि लघवी वाढविणारे औषध टोचून मूत्रपिंड किती लवकर रिकामे होते, याचा आलेख काढतात.

इंदिरा नगरच्या रहिवाशांना असे उपचार शहरातच मिळतात. जुने किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, गोमती नगरातील राम मनोहर लोहिया संस्था, आणि रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था ही सरकारी स्थाने आहेत. शेवटच्या संस्थेची कोनशिला १४ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी बसविली. तेथे मूत्ररोग व मूत्रपिंडरोपण यांचा स्वतंत्र विभाग आहे.

पाच मिलिमीटरांपर्यंतचे बहुतेक खडे नळीच्या लहरींबरोबर आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरांच्या खड्यांसाठी नळीचा खालचा भाग सैल करणारी औषधे देतात. त्याहून मोठे खडे दुर्बिणीने किंवा आघातलहरींनी फोडावे लागतात. आघातलहरींचा उपचार माणसावर प्रथम १९८० साली म्युनिक येथे झाला. अनेकदा मूत्रवाहिनीत दोन्ही टोकांना वळण असलेली बारीक नळी ठेवतात. ती असेपर्यंत मूत्रवाहिनीचे आकुंचन मंदावते आणि खालचे दार उघडे राहते. म्हणून लघवी करताना कमरेत कळ येते. ही नळी ठरलेल्या मुदतीत काढून घेतलीच पाहिजे. विसरलेल्या नळीवर खड्यांचे थर बसतात आणि उपाय हाच अपाय होतो. ती कोणत्या तारखेला काढावयाची, हे घरच्यांनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.

घरी पाळण्याचे नियम

निरोगी माणसाने, आणि विशेषतः एकदा खडा होऊन गेलेल्याने, दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी दिवसभरात विभागून प्यावे. लघवी फिकट दिसली म्हणजे पाणी पुरेसे झाले असे समजावे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. जेवणात मीठ बेताचे असावे.

कळ चालू असताना मात्र बळेच तांब्याने पाणी पाजू नये. बंद दारामागे गर्दी वाढविल्याने दार उघडत नाही, दाब तेवढा वाढतो. तहानेपुरते पाणी द्यावे. वेदनाशामक गोळ्यांतील काही प्रकार मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. कुळथाचे कढण कोणी जरूर प्यावे, पण त्याच्या भरवशावर सोनोग्राफी टाळू नये. मुलांना, विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलींना, तासन् तास लघवी अडवून धरण्याची सवय लागू देऊ नये. शाळेत स्वच्छ शौचालय आहे की नाही, याची विचारपूस आईवडिलांनी करावी.

मूत्रपिंड मुकाट्याने झिजते. दोहोंपैकी एक निकामी झाले तरी दुसरे काम सांभाळून घेते आणि माणसाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. त्याची राखण करणारी नळी मात्र अडचणीत आल्यावर बहुधा कळीच्या रूपाने हाक देते. ती हाक शांत झाली म्हणजे संकट टळले असे न मानता, आठ-पंधरा दिवसांत एक साधी तपासणी करून घेणे, एवढेच आपल्या हाती आहे. आणि पुष्कळ मूत्रपिंडे वाचविण्यास तेवढे पुरेसे आहे.